हिंदुरावांचं उष्टं

हिंदुराव खराडे यांनी उभ्या आयुष्यात कुणाचं उष्टं खाल्लं नव्हतं आणि कुणाला आपलं खाऊ दिलं नव्हतं. निदान ते तसं सांगत असत, आणि समोरचा ऐकत असो वा नसो, सांगतच राहत. शिक्षण खात्यात विस्तार अधिकारी म्हणून त्यांची नोकरी झाली. शाळा तपासायला गेले की हजेरीपटाच्या आधी पोरांची नखं आणि दात तपासायचे. निवृत्तीनंतर सांगलीत घर बांधलं, तर तिथंही हीच तपासणी चालू. त्यांचं ताट वेगळं, तांब्या वेगळा, तांब्यावर नाव घातलेलं. नातीनं एकदा लाडानं आपल्या आइस्क्रीमचा चमचा पुढं केला, तर आजोबांनी तिला जंतूंवर असं भाषण दिलं की पोरीनं आइस्क्रीमच टाकून दिलं. त्यांच्या पत्नी शालनताई या सगळ्याला सरावल्या होत्या. म्हणजे वैतागून वैतागून थकल्या होत्या.

दोन हजार एक्केचाळीस साली सरकारनं मुखगणना काढली. जनगणनेसारखीच, फक्त माणसांऐवजी माणसांच्या तोंडातले जंतू मोजायचे. जनुकं वाचणारं यंत्र एव्हाना पेनाएवढं झालं होतं. गणनेची बाई दारात यायची, दातांवरून काडी फिरवायची, काडी यंत्रात खुपसायची आणि चहा होईस्तोवर तोंडातल्या सगळ्या वस्तीची कुंडली पडद्यावर हजर. हिंदुरावांची कुंडली बघून ती बाई चहा न पिताच निघून गेली.

दोन-चार दिवसांत मिरजेच्या दंतजंतू संशोधन केंद्रातून डॉ. रेणुका उपाध्ये स्वतःच घरी आल्या. तिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडं न बघता दातांकडं बघणाऱ्या.

"काका, दात किती पडलेत?"

"एकही नाही." हिंदुरावांनी पुराव्यादाखल कोपऱ्यातलं उसाचं कांडं उचललं आणि दातांनी कराकरा सोलून दाखवलं.

"घासता कशानं?"

"नियमानं."

"नियमाचा इथं काही संबंध नाही, काका," रेणुका म्हणाली आणि हिंदुरावांचा चेहरा पडलेला न बघताच तिनं समजावून सांगायला घेतलं.

दात किडवणारा जंतू एकटा असला की बिचारा असतो. लाळेबरोबर वाहून जातो. म्हणून तो साखरेपासून डिंक तयार करतो आणि दाताला चिकटून बसतो. त्याला दुसरा चिकटतो, दुसऱ्याला तिसरा, आणि शेवटी सगळे मिळून डिंकाच्या छपराखाली वसाहतच करतात. सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो, तीच ही वसाहत. शास्त्रात तिला जैवपटल म्हणतात. या पटलाखाली लाळ पोचत नाही, औषध पोचत नाही, आणि जंतू जे आम्ल सोडतात ते मात्र तिथंच साठून दात पोखरतं. चिघळलेल्या जखमेत, लघवीच्या नळीत, बदललेल्या गुडघ्यावर जे हट्टी जंतू ठाण मांडून बसतात, तेही याच युक्तीनं. औषधं हरतात ती पुष्कळदा जंतूपुढं नाही, तर त्याच्या छपरापुढं.

"तुमच्या जंतूंचं डिंक करणारं जनुकच बिघडलंय," रेणुकाचे डोळे चमकत होते. "उत्परिवर्तन झालंय. त्यांना डिंक करताच येत नाही. वर ते इतके दांडगे आहेत की चिकटणाऱ्या जंतूंना तोंडात जागाही मिळू देत नाहीत. तुमच्या तोंडात सगळी बिनछपराची वस्ती आहे, काका. राज्यात दुसरं असं तोंड सापडलेलं नाही."

"शिस्त लागली असणार त्यांना," हिंदुराव म्हणाले.

"पण काकू, मला एक कळत नाही," रेणुका शालनताईंकडं वळली. "तुमची तर कवळी आहे. एवढ्या वर्षांच्या संसारात काकांचे जंतू तुमच्याकडं आले कसे नाहीत?"

"लग्नात घास भरवायचा होता, तर ह्यांनी चमच्यानं भरवला," शालनताई म्हणाल्या. "आणि चमचा लगेच धुवायला पाठवला."

रेणुकानं तेवढं टिपून घेतलं आणि विषय बदलला.

अडचण अशी होती की हे गुणी जंतू प्रयोगशाळेत टिकत नव्हते. काचेच्या बशीत चिकटणाऱ्याचीच चलती. थोड्याच पिढ्यांत त्यांच्यातले काही पुन्हा डिंक करायला शिकायचे आणि बाकीच्यांना हुसकून लावायचे. प्रयोगशाळेत घडवलेला जंतू माणसाच्या तोंडात घालायला कायद्यानं बंदी होती. नैसर्गिक जंतू नैसर्गिक वाटेनं एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला तर मात्र परवानगी होती.

"नैसर्गिक वाट म्हणजे?" हिंदुरावांनी विचारलं.

रेणुका पहिल्यांदाच दातांवरून नजर काढून फरशीकडं बघू लागली. "उष्टं," ती म्हणाली.

हिंदुरावांनी तिला चहा पाजला, नमस्कार केला आणि दार लावून घेतलं.

पण रेणुका चिवट होती. ती पुन्हा आली ती बालवाडीतल्या मुलांच्या दातांचे फोटो घेऊन. काळे पडलेले, खुंट उरलेले दुधाचे दात. हिंदुराव बराच वेळ ते बघत बसले. असले दात त्यांनी नोकरीत हजारांनी बघितले होते आणि प्रत्येक शाळेत त्यावर भाषण ठोकलं होतं. त्यांच्या भाषणानं एकाही पोराची दाढ वाचली नव्हती, हे त्यांना मनातून ठाऊक होतं. ते हललेत हे रेणुकानं ओळखलं आणि तेवढ्यात हळूच सांगून टाकलं की केंद्राच्या कागदोपत्री त्यांचा उल्लेख 'आद्यदाता' असा होणार आहे.

"आद्य," हिंदुराव म्हणाले. "बरं, बघू."

त्यांच्या सगळ्या तपासण्या झाल्या, दुसरा कुठलाही रोग नाही याची खात्री झाली आणि एका रविवारी सकाळी केंद्राच्या सभागृहात वाटप ठरलं. प्रत्येकाच्या हातात आपापली वाटी, हिंदुरावांनी प्रत्येक वाटीतलं चमचाभर खायचं आणि तोच चमचा वाटीत ढवळायचा. रेणुकानं उपमा सांगितला होता. हिंदुरावांना तो पटला नाही.

"अहो, पहिल्यांदा देतोय. प्रसादासारखं आहे हे. शिरा करा."

"काका, साखर नको. साखरेवरच तर चिकटणारे जंतू..."

"तिखटाचा प्रसाद कधी ऐकलाय?"

केंद्रातल्या बाकीच्या डॉक्टरांनी माना डोलावल्या. शिकलेली मंडळी असली तरी शेवटी इथलीच. शिरा झाला, वर बेदाणेही पडले.

पहिल्या वाटीत चमचा घालताना हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले. विसाव्या वाटीपर्यंत डोळे उघडले, आणि शेवटी शेवटी तर ते शिऱ्यात तूप कमी असल्याचंही सांगू लागले. एवढं होऊन महिन्याभरानं तपासणी केली, तर एकाच्याही तोंडात हिंदुरावांचा जंतू नव्हता. रेणुका हबकली. पुढच्या रविवारी पुन्हा वाटप ठेवून ती दाराशी उभी राहून बघत राहिली, तेव्हा उलगडा झाला. शिरा खाल्ला की माणसं सरळ नळावर जात होती आणि खळखळून चुळा भरत होती. नळापाशी हिंदुराव स्वतः उभे होते आणि एकेकाला बजावत होते, "नीट भरा चूळ. गोड खाल्लंय."

नळ बंद केल्यावर जंतू लागले, आणि असे लागले की केंद्रातले लोकही चाट पडले. मुलांच्या दातांवरचा थर गेला, कीड जागच्या जागी थांबली. मग काय, चौकाचौकात फलक लागले: हात जोडलेले हिंदुराव, आणि दात दिसावेत म्हणून मुद्दाम हसायला लावलेले हिंदुराव. बायका पोरांना त्यांच्या पायांवर घालू लागल्या. एका मंगल कार्यालयानं जेवणावळीआधी आमटीच्या पातेल्यात एकदा चमचा फिरवून जाण्याची विनंती केली. वाटपासाठी कुणीतरी चांदीचा चमचा भेट दिला, आणि हिंदुराव तो खिशाला पेनासारखा लावून हिंडू लागले. लोक घरी येताना पेढे आणत. पूर्वी गोडाला हात न लावणारे हिंदुराव ते आनंदानं खात, आणि उरलेला अर्धा पेढा आणणाऱ्याच्या हातावर ठेवत. कुणी तो खायला कां-कूं केलं तर त्यांना आता राग येई.

"आजोबा, माझं आइस्क्रीम चाटून देता का?" नात एकदा म्हणाली, आणि शालनताईंना पदर तोंडाला लावून आत पळावं लागलं.

हे सगळं पुढची दिवाळी होईपर्यंत नीट चाललं. दिवाळीनंतर हिंदुरावांची उजवी दाढ ठणकू लागली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही, नुसतं डाव्या बाजूनं खाऊ लागले. पण तेवढ्यात रेणुकानंच दोघा नवराबायकोंना केंद्रात बोलावून घेतलं. मुलांच्या दातांवर पुन्हा थर दिसायला लागला होता. तिनं हिंदुरावांच्या तोंडात काडी फिरवली, यंत्र बघितलं आणि खुर्चीत मागं टेकली.

"डिंक करायला लागलेत, काका. शिरा, पेढे, आणखी शिरा. एवढी साखर मिळाल्यावर जो चुकून चिकटायला शिकला, त्याचंच राज्य होणार."

"मग आता?"

"खरं तर या जंतूंच्या डिंकाच्या दाराला मुळात दोन कड्या होत्या. म्हणजे दोन ठिकाणी बिघाड. तुमच्या तोंडात एक कडी फार पूर्वीच उघडलेली होती, म्हणजे तो बिघाड दुरुस्त झालेला. कडी उघडली तरी खूण राहते, डाग दिलेल्या भांड्यावर सांधा दिसतो तशी. मला ती आता सापडली. दुसरी कडी होती म्हणून आजवर निभावलं, ती साखरेनं उघडली. पण ज्यांच्याकडून हे जंतू तुमच्याकडं आले, त्यांच्या तोंडात दोन्ही कड्या शाबूत असणार. दोन्ही एकदम उघडणं जवळजवळ अशक्य. मला ते तोंड पाहिजे."

"माझ्याकडं... आले?" आद्यदात्यांना हा शब्द झेपेना.

"जंतू आभाळातून पडत नाहीत. दात येण्याच्या वयात भरवणाऱ्याच्या तोंडातून ते येतात. तुम्हाला लहानपणी कुणी भरवलं?"

"आईनं," हिंदुराव जरा घाईनंच म्हणाले.

"सासूबाईंचं तर चाळिशीतच बोळकं झालं होतं," शालनताई म्हणाल्या.

"मग त्या नव्हेत. आणखी कोण?"

"आठवत नाही," हिंदुराव म्हणाले आणि चष्मा पुसू लागले.

रिक्षात बसल्यावर शालनताई म्हणाल्या, "आठवत नाही व्हय?"

हिंदुरावांना सगळं आठवत होतं, म्हणजे आईनं सांगितलेलं. जत भागातलं त्यांचं गाव. बहात्तरच्या दुष्काळात आईवडील दोघंही खडी फोडायच्या कामावर. घरात नऊ वर्षांची थोरली बहीण सोनाक्का आणि तिच्या कडेवर हिंदुराव. खायला अमेरिकेहून आलेली तांबडी मिलो ज्वारी. तिची भाकरी अशी निबर की मोठ्यांनाच चावायची नाही. सोनाक्का एकेक घास चावून मऊ करायची आणि भावाच्या तोंडात घालायची. तिच्या पोटात त्यातलं किती जात होतं, हे तिनं कधी सांगितलं नाही.

हिंदुरावांच्या मुलाच्या लग्नात पुण्याचे व्याही बसले होते, तेव्हा सोनाक्कानं कौतुकानं ही गोष्ट सांगितली. "ह्यो सायब झाला खरा, पर माझ्या तोंडातला घास खाऊन वाढलाय." व्याह्यांनी नाक मुरडल्यासारखं हिंदुरावांना वाटलं, आणि सगळ्यांसमोर ते हसून म्हणाले, "अक्काचं डोकं आता ठिकाणावर नाही. काहीही बोलते." सोनाक्का ताटावरून उठली, हात धुतला आणि जतची एसटी धरली. त्यानंतर कितीतरी भाऊबीजा कोरड्याच गेल्या. अक्का हट्टी आहे, असं हिंदुराव स्वतःला समजावत आले होते.

आता गप्प बसणंही सोपं होतं. वय झालं म्हणून वाटप बंद करायचं. सत्कार झाला असता, शालही मिळाली असती. अक्काचं नाव घेतलं तर आद्यदाते उरत नव्हते, आणि लग्नात आपण खोटं बोललो हे गावभर होणार होतं. घराच्या फाटकाशी एक बाई छोट्या मुलीला घेऊन वाट बघत उभी होती.

"साहेब, हिचे दात परत काळे पडायला लागलेत. येत्या रविवारी हिला दोन चमचे द्याल का? हिची दुसऱ्या कुणाच्या हातचं खायची तयारी नाही."

मुलगी त्यांच्याकडं बघून हसली. हिंदुरावांची दाढ ठणकली आणि त्याहून आत कुठंतरी जास्त ठणकलं. त्यांनी तिथल्या तिथं रेणुकाला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी तिघं जत भागात पोचली तेव्हा सोनाक्का उंबऱ्यावर बसून फुटाणे खात होती. वय ऐंशीच्या घरात, आणि फुटाणे फुटल्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. रेणुका वाटेतच थबकून तो आवाज ऐकत राहिली.

"साहेब आल्यात व्हय," सोनाक्का म्हणाली. "या, बसा. शालन, पानी घे गं."

धाकट्या भावाला 'साहेब' आणि 'बसा'. हिंदुराव खाली मान घालून बसले. गणनेच्या बाईला म्हातारीनं उंबऱ्यावरूनच परत लावलं होतं. रेणुकानं परवानगी घेऊन तिच्या दातांवरून काडी फिरवली. यंत्रानं निकाल दिला आणि डॉ. उपाध्ये अंगणात अक्षरशः नाचल्या. दोन कोंबड्या ओरडत पळाल्या.

"काय झालंय मला?" सोनाक्कानं विचारलं.

"काही नाही, आजी! दोन्ही कड्या आहेत! काकांच्या तोंडात जे होतं ते तुमचंच. तुम्हीच भरवलेलं."

"म्हंजी मी खोटं बोलले न्हवते."

"नाही."

"ह्ये कोन म्हंतंय?"

"यंत्र म्हणतंय."

"यंत्र ऱ्हाऊ द्या," सोनाक्का म्हणाली. "साहेबास्नी म्हनू द्या."

हिंदुराव उठून उभे राहिले. घसा साफ केला. "त्या वेळची एकंदर परिस्थिती लक्षात घेता..." त्यांनी सुरुवात केली. सोनाक्कानं एक फुटाणा तोंडात टाकला आणि फोडला. हिंदुराव वाक्य अर्धवट टाकून तिच्याजवळ उंबऱ्यावरच बसले.

"अक्का, तू खरं बोललीस. मलाही ठाऊक होतं. आपण उपाशी होतो, हे त्या लोकांना कळू नये म्हणून मी तुला खुळी ठरवलं. मला लाज वाटली."

"माझी?"

"भुकेची."

सोनाक्कानं पदरानं डोळे पुसले, आणि त्याच पदरानं, न विचारता, त्याचेही.

"लाज कसली रं तीत? जगलास की."

एवढ्यावर हिंदुराव रडले. सत्तर वर्षांचा माणूस, खिशाला चांदीचा चमचा, आणि हुंदके देत रडला. शालनताईंनी मान फिरवली, कारण त्यांनाही रडू आलं होतं आणि नवऱ्याला ते दिसू द्यायचं नव्हतं.

सोनाक्का मात्र लगेच कामाला लागली. सांगलीला येऊन वाटप करायला तिनं साफ नकार दिला. "गावभर चमचे ढवळत हिंडायला मला येळ न्हाई. ह्याला देते. त्यो वाटंल. वाटायची त्याला हौस हाय."

रेणुकानं हिंदुरावांच्या दातांवरचा थर खरवडून काढला आणि जुन्यांनी जागा सोडावी म्हणून तोंड औषधानं तीन-चारदा धुऊन घेतलं. सोनाक्का आतून ज्वारीची भाकरी घेऊन आली.

"अक्का, थोडा गूळ..." हिंदुराव म्हणाले.

"नाही!" रेणुका आणि शालनताई एकदम ओरडल्या.

सोनाक्कानं कोरड्या भाकरीचा तुकडा तोंडात घातला. ती सावकाश, मन लावून चावत होती. हिंदुरावांनी नळाकडं बघितलं, फाटकाकडं बघितलं, आभाळाकडं बघितलं. तिनं घास बोटांवर काढला आणि पुढं केला.

"मोठा आ कर. तवाबी असाच दात आवळून बसायचास, नाक दाबाय लागायचं."

त्यांनी डोळे मिटले आणि आ केला. घास मऊ होता, ऊन होता, जरासा खारट होता.

"गिळू नका! सगळ्या तोंडात फिरवा!" रेणुका ओरडली.

"आणि चूळ भरायला उठाल तर बघा," शालनताईंनी दम दिला.

हिंदुरावांनी घास फिरवला, खूप वेळ फिरवला आणि मग गिळला. सोनाक्का दुसरा तुकडा चावायला लागली होती. रेणुका सांगत होती की आजी, एक पुरे, शास्त्रीयदृष्ट्या एक पुरे. म्हातारीनं तिच्याकडं लक्ष दिलं नाही. तिनं बोटांवर दुसरा घास काढला, आणि ती काही बोलायच्या आतच हिंदुरावांनी पुन्हा तोंड उघडलं.